कोरी की वापरलेली?

पुणेकराने होडी घ्यावी म्हणजे हसेच! त्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, तेव्हा हिच्या माहेरच्या नारायण पेठेतल्या वाड्यात पाणी शिरलेले, धास्ती जन्माची. तरी रेवदंड्याच्या खाडीसाठी मी होडी पाहू लागलो. एक कोरी, पण गिऱ्हाइकाअभावी तीन वर्षे उन्हात पडून. दुसरी जुनी, रोज पाण्यात. माझा जीव कोरीवर. म्हातारा नाखवा म्हणाला, “सुकल्या फळ्या आक्रसतात, सांधे उघडतात. पाण्यातल्या फुगून घट्ट बसतात.” चाकूचे टोक टोचून पाहिले, जुनीचे लाकूड कुठेच कुजलेले नव्हते. तीच घेतली. ही ऐकून म्हणाली, “म्हणजे वापरातलेच टिकते! पन्नास वर्षे मी तेच सांगत्ये.” आणि होडीत आधी तीच बसली!