अब्बांच्या जीपचे ब्रेक

अब्बांची जीप आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगखाली उभी असते. सीजे-थ्रीबी, आराखडा अमेरिकेच्या विलिसचा, जोडणी इथली. जोडणारी कंपनी 1945 मध्ये सुरू झाली तेव्हा तिचं नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होतं. भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले. 1948 मध्ये कंपनी 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला अब्बा हे ऐकवायचे.

मागच्या पावसाळ्यात कसारा घाट उतरताना पेडल दाबूनही जीप आवरेना. चारही चाकांना ड्रम ब्रेक. ड्रम तापला की फुगतो, आतले शू कमी पकडतात. कशीबशी कडेला घेतली. मागे लेक बसली होती. घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "यापुढे मुलं या गाडीत बसणार नाहीत."

अब्बा जाऊन चार वर्षं झाली. गाडी विकवेना. म्हणून पुढे डिस्क बसवायच्या ठरवल्या आणि कुर्ल्याच्या भंगार बाजारात गेलो. जीपच्या चाकाला पाच नट, वर्तुळ साडेपाच इंचांचं, म्हणजे 139.7 मिलिमीटर. जिप्सीचंही तेच. मी खुशीत जिप्सीची डिस्क उचलली. दुकानातले चाचा हसले, "बेटा, पहिया लगेगा. ब्रेक का किसने बोला?"

मग त्यांनी समजावलं. शेजारच्या दोन भोकांच्या मध्यातलं अंतर 82 मिलिमीटर भरलं की वर्तुळ जुळलं, पण ती फक्त सुरुवात. हबचं मधलं भोक, डिस्कची खोली, कॅलिपर धरणारा ब्रॅकेट, रिमच्या आत कॅलिपरला मिळणारी जागा, हे सगळं मोजावं लागतं. शेवटी एका जुन्या बोलेरोच्या डिस्क आणि कॅलिपर घेतले. ब्रॅकेट मुलुंडच्या मिस्त्रींनी मापाने बनवून दिला.

मास्टर सिलिंडर मात्र मी जुनाच ठेवला. मिस्त्री नको म्हणत होते. पैसे वाचवायचा हट्ट माझा. ठाण्यापर्यंत जाऊन आलो तर पुढची चाकं हात लावू देईनात. ड्रमच्या सिलिंडरमधला वाल्व पाइपात थोडा दाब धरून ठेवतो. ड्रमला तो लागतो, कारण तिथे शू मागे ओढायला स्प्रिंग असते. डिस्कला स्प्रिंग नाही. तेवढ्या दाबाने पॅड घासतच राहतात.

"भाई," मिस्त्री म्हणाले, "पार्ट एकटा बदलत नाही. त्याची जोडी बदलावी लागते."

आता दोन खणांचा नवा सिलिंडर आहे. मागच्या ड्रमला 10 पीएसआयचा वाल्व, पुढच्या डिस्कला 2 चा. कारण या जीपचा सिलिंडर पायाखाली, फळीच्या खाली असतो आणि वाल्व नसला तर कॅलिपरमधलं तेल उतरून परत येतं. एक पाइप फुटला तरी दुसरा खण गाडी थांबवतो. जुन्या सिलिंडरला खण एकच होता. म्हणजे इतकी वर्षं आम्ही सगळे एका पाइपाच्या भरवशावर फिरत होतो.

गेल्या रविवारी मी रिकामी जीप घेऊन कसारा घाट दोनदा उतरलो. प्रत्येक वेळी खाली थांबून चाकांजवळ हात नेला. गरम होती, पण भाजत नव्हती. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती काही बोलली नाही. संध्याकाळी खाली आली, पुढे बसली आणि म्हणाली, "आधी मला फिरवून आणा. लेकीचं नंतर बघू."