आसाला गुंतलेला कापूस

असोद्याचे नाव मराठी वाचकाला बहुधा बहिणाबाई चौधरींमुळे ठाऊक असते. १८८० साली त्या या गावी जन्मल्या आणि लग्न होऊन जळगावी गेल्या. खवय्यांना ते भरताच्या वांग्यांमुळेही ठाऊक असते. जळगावहून हे गाव इतके जवळ की सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला सहज परत येतो. आम्ही मात्र गेल्या नाताळच्या सुटीत असोद्याला गेलो आणि तीन दिवस तेथेच राहिलो, आणि तेही एका खेळण्याच्या ट्रकसाठी.

खेळणे हा शब्द त्या घरातील चौदा वर्षांच्या मुलाला मान्य नाही, आणि त्याचे म्हणणे बरोबर आहे. खऱ्या वाहनाच्या एक दशांश मापाचा, चारही चाकांना जोर असलेला, विजेच्या मोटरीवर धावणारा आणि हातातील पेटीवरून बिनतारी चालणारा हा ट्रक त्याच्या मामांनी परदेशातून आणून दिला होता. त्यात गिअर आहेत, क्लच आहे, पुढे-मागे दोन डिफरन्शियल आहेत आणि चार चाकांना तेल भरलेले चार शॉकअप आहेत. आम्ही आयुष्यभर मोटार मेकॅनिकची विद्या मुलांना शिकवली. पण एवढे सगळे सामान एका पाटावर मांडलेले प्रथमच पाहिले.

मुलाचे वडील आमचे जुने सहकारी. त्यांनी फोनवर सांगितले ते असे : गाडी तीन महिन्यांत दोनदा मोडली, शहरातल्या एका दुकानात दोन्ही वेळा मागचे क्राऊन-पिनियन बदलले, साडेपाच हजार रुपये गेले आणि आठ दिवसांत पुन्हा तीच कटकट. "उड्या मारून मारून मोडतो. मी आता कपाटात कुलूप लावून ठेवलीय," ते म्हणाले. मुलगा काय म्हणतो, असे आम्ही विचारले. "तो काय म्हणणार? हल्ली बोलतच नाही फारसं."

या शेवटच्या वाक्यामुळे आम्ही पिशवीत हत्यारे भरली.

बिघडलेल्या यंत्रापुढे बसताना आधी कशावर संशय नाही हे ठरवावे, अशी आमची पद्धत आहे. त्यामुळे प्रथम बिनतारी भाग तपासला. हवेतून आज्ञा धाडून यंत्र चालवण्याची कल्पना आता सव्वाशे वर्षांची झाली : निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये लोकांसमोर एक लहान बोट अशी चालवून दाखवली होती. (त्याच काळात ब्राझीलमधील एक कॅथोलिक धर्मगुरू, रोबेर्तो लांदेल दे मौरा, बिनतारी संदेशाच्या खटपटीत होते, १९०४ साली त्यांना अमेरिकेत त्याची पेटंटेही मिळाली. आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांना हे नाव ठाऊक असेल, म्हणून सांगितले.) असोद्याच्या ट्रकाचा हा भाग ठणठणीत होता. सुकाणू वळवणारी छोटी मोटर आज्ञा मिळताच वळत होती, सोडताच मध्ये येत होती. दुखणे त्यापलीकडे होते.

दुखणी तीन होती. जोर दिला की मागून कटकट आवाज येई. गाडी डावीकडे ओढे. आणि उडी मारून उतरली की उजवा मागचा कोपरा बसलेलाच राही. मुलाला आम्ही समोर बसवून विचारले, आवाज कधी येतो? तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, उडीच्या आधीपासूनच यायचा. सपाट जमिनीवर पण. आणि चाक एकदा पूर्ण फिरलं की जवळजवळ तीनदा वाजतं. मी टायरवर खडूची खूण करून, वरून दाबून, हळूहळू ढकलून मोजलंय."

खडूची खूण करून मोजणे ही आमच्या वर्कशॉपमध्ये वर्षभर शिकवूनही काहींच्या अंगी न आलेली गोष्ट. चाकाच्या एका फेऱ्यात एकदा आवाज आला तर दोष चाकाच्या बाजूचा. दहा-बारा वेळा आला तर मोटरीच्या बाजूचा, कारण मोटर चाकाच्या कितीतरी पट फिरते. तीन वेळा म्हणजे मधला कोणीतरी. मागचे डिफरन्शियल उघडून आम्ही त्याच्याकडूनच दात मोजून घेतले. मोठ्या चक्रास सदतीस, लहान पिनियनला तेरा. सदतीसला तेराने भागले की सुमारे दोन पूर्णांक पंच्याऐंशी शतांश. म्हणजे चाक एकदा फिरते तेव्हा पिनियन जवळजवळ तीनदा फिरतो. पिनियनचा एक दात खाल्लेला होता. मुलाने कान आणि खडू यांच्या आधारावर, पेटी न उघडता, दोषाचे ठिकाण सांगितले होते.

डिफरन्शियल म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. वळणावर बाहेरचे चाक जास्त अंतर कापते, आतले कमी. दोन्ही एकाच दांड्याला घट्ट जोडली तर एक घासत जाईल. म्हणून जोर दोघांना पोचावा, पण वेग वेगळा राहू शकावा, अशी दातांची रचना मध्ये घालतात. फ्रान्समधील ओनेसिफोर पेक्वर या घड्याळजीने १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी तिचे पेटंट घेतले. ती तपासण्याची युक्ती सोपी आहे. गाडी विटेवर उचलून ठेवावी, मधला लांब दांडा बोटांनी घट्ट धरावा आणि एक मागचे चाक पुढे फिरवावे. दुसरे तितकेच उलट फिरले आणि हाताला खडखड लागली नाही, तर आतले लहान दात शाबूत. येथे ते शाबूत होते. मग मुलाने दोन्ही चाके घट्ट धरली आणि आम्ही मधला दांडा पिळला. कट! दात एकमेकांवर चढून सुटले.

नवे क्राऊन-पिनियन आठ दिवसांत का गेले, हा खरा प्रश्न होता. दुकानदाराने मोडलेला भाग बदलला, पण तो कशामुळे मोडला हे विचारले नाही. पिनियनचा दांडा आम्ही चिमटीत धरून वरखाली हलवला, तर त्यात चांगलाच प्ले होता. दांड्याला आधार देणारे इवलेसे बेअरिंग गेले होते. आतल्या गोळ्या सुट्या झाल्या होत्या. आधार गेला की जोर पडताच दांडा तिरका होतो, दात पूर्ण न बसता टोकावर बसतात, आणि पोलादाचा दात असला तरी झिजतो. अशा ठिकाणी नवे चक्र बसवणे म्हणजे फुटक्या रांजणात दुसरे पाणी ओतणे.

आणि बेअरिंगच्या तोंडाशी, दांड्याभोवती, एक काळपट तपकिरी, गादीसारखे कडे होते. दुकानातल्या कारागिराने ते नमद्याचे वायसर समजून दोन्ही वेळा व्यवस्थित जागेवर बसवले असावे. त्यावर ताजे ग्रीसही चोपडलेले होते. आम्ही पुढचे डिफरन्शियल उघडले. तेथे असे कडे नव्हते. म्हणजे हे मूळ बांधणीतले नव्हे.

एवढ्यात ओसरीवर बसलेले आबा, मुलाचे आजोबा, उठून आले. वय ऐंशीच्या पुढे, हयात शेतीत गेलेली. "मले दाखवा बरं मास्तर," म्हणून त्यांनी ते कडे हातात घेतले, वाटीतल्या डिझेलमध्ये बुचकळले आणि दोन बोटांत चोळले. काळे निघून गेले आणि आतून पांढरा तंतू उलगडू लागला.

"हा तं कापूस हाये," आबा म्हणाले.

खानदेशातल्या वाचकांना पुढचे सांगायला नको. दिवाळीपासून वेचणी सुरू होते, आणि भाव पडलेला असला की शेतकरी कापूस विकत नाही. घरातली एक खोली, कधी दोन, छतापर्यंत भरून ठेवतो. त्या वर्षी या घरातही तसेच होते. दाराशी, अंगणात, खळ्यात कापसाच्या सरक्या आणि तंतू उडत होते, आणि मुलगा ट्रक चालवत होता तो त्याच खळ्यात. फिरणाऱ्या दांड्याने तंतू ओढून घेतला, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. काळ्या मातीची धूळ आणि ग्रीस मिसळून त्याची गादी झाली. ती फुगत गेली तशी बेअरिंगचे रबरी झाकण आत लोटले गेले, वंगण शोषले गेले आणि त्याच्या जागी माती आत गेली. आबांनी सांगितले की लाकडी चाकांच्या गाडीला वंगण घालताना जुने वंगण पुसून मगच नवे घालत, कारण वंगणात कापूस नि कचरा बसला की आस खाल्ला जातो आणि चाक डगमगू लागते. तो आवाज अंथरुणात पडून ऐकला तरी गाडी कोणाची ते कळे, असेही ते म्हणाले; ते आम्ही कौतुकाने ऐकून घेतले.

डावीकडे ओढण्याचे कारण यातच होते. जोर काढून घेतल्यावरही गाडी ओढते का, हे पाहावे. ओढत असेल तर दोष जोराचा नव्हे, अडकणाऱ्या चाकाचा किंवा सुकाणूचा. येथे ओढत होती. डाव्या मागच्या चाकाच्या मागेही कापसाची तशीच पट्टी निघाली. दुकानात कोणीतरी हातातल्या पेटीवरचा बारीक खटका फिरवून गाडी 'सरळ' करून दिली होती. चाक मोकळे झाल्यावर ती उजवीकडे ओढू लागली, तेव्हा मुलाने खटका जागेवर आणला.

शॉकअपचे प्रकरण वेगळे, आणि त्यात आम्हाला खरा राग आला. शॉकअप सोडवून बाजूला केला की चाकाचा हात स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. तीन पडले, चौथा, उजवा मागचा, पडला पण जडपणे. त्याची सळई किंचित वाकली होती. ती उड्यांमुळे, हे मुलाने स्वतःच कबूल केले. पण मोठा दोष शॉकअपमध्येच होता. याच्या नळीत सिलिकॉनचे तेल असते. स्प्रिंग उडवते आणि तेल आवरते. दट्ट्यातल्या बारीक छिद्रांतून तेल जितके सावकाश जाईल तितकी उसळी मंद. जळगावच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो आणि जानेवारीच्या पहाटे दहाच्या आसपास येतो. अशा हवेत सिलिकॉनचे तेल साध्या तेलापेक्षा पुष्कळ कमी पातळ-घट्ट होते. येथे मात्र कोणीतरी मोटारीचे इंजिन ऑईल ओतले होते. त्याने आतली रबरी कडी फुगून दांड्याला आवळून बसली होती. म्हणून कोपरा बसला की उठत नव्हता. कडी बदलून, योग्य तेल भरून, हवेचे बुडबुडे निघून जाईपर्यंत दट्ट्या सावकाश वरखाली केला. बुडबुडे राहिले की दाबताना पचपच आवाज येतो. तो आवाज बंद झाल्याचे मुलाने आमच्या आधी सांगितले.

संध्याकाळी त्याचे वडील घरी आले. पाटावर सगळे मांडलेले होते : खाल्लेला दात, सुट्या गोळ्या, धुतलेला कापूस. आम्ही क्रमाने सांगितले. त्यांनी पुष्कळ वेळ ते कडे पाहिले आणि मुलाला म्हणाले, "मग आवाज आधीपासून येतो, हे आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं, पप्पा. दोनदा."

कोणी काही बोलले नाही. आबांनी पानाची डबी उघडली. वडील उठून आत गेले आणि कपाटाची किल्ली आणून मुलाच्या शेजारी ठेवली. ती मागितली कोणी नव्हती, कारण गाडी तर बाहेरच होती.

दुसऱ्या दिवशी बेअरिंग आणायला आम्ही मुलाला घेऊन जळगावला गेलो. आत पाच मिलिमीटर, बाहेर अकरा, जाडी चार. बाजारात त्याला एमआर ११५ म्हणतात. पहिल्या दुकानात ६८५ क्रमांकाचे पुढे आले. आत पाच, बाहेर अकरा, पण जाडी पाच. "एका मिलिमीटरने काय होतं?" दुकानदार म्हणाले. मुलाने खिशातून आमचा व्हर्नियर काढला, मापून दाखवला आणि म्हणाला, "घर चारचंच आहे, काका. एक मिलिमीटर बाहेर राहिलं तर पिनियन पुढे ढकलला जाईल, मग दात पुन्हा जातील." दुकानदारांनी चष्मा वर करून त्याच्याकडे पाहिले आणि दुसऱ्या दुकानाचा पत्ता स्वतः लिहून दिला. तेथे योग्य माप मिळाले. आम्ही एक ऐवजी सहा घेतली, कारण कापूस सगळ्याच चाकांपर्यंत पोचलेला होता.

तिसऱ्या दिवशी बांधाच्या कडेने गाडी धावली. आवाज नव्हता. पहिली उडी मारण्याआधी मुलाने आमच्याकडे पाहिले. आम्ही वडिलांकडे बोट दाखवले. वडील म्हणाले, "मार की." खेळून झाल्यावर त्याने चारही चाके काढली, आबांच्या जुन्या दाढीच्या पात्याने दांड्यांवरचे तंतू कापले आणि चिमट्याने ओढून काढले. अर्ध्या तासाच्या धावेत मूठभर नव्हे, पण चिमूटभर निघाला.

फेब्रुवारीत या घरचा कापूस विकला गेला. भाव काही चढला नव्हता. खोली रिकामी झाल्यावर खळे दोनदा झाडून, पाणी मारून स्वच्छ केले, असे आबांनी फोनवर सांगितले. झाडू कोणाच्या हातात होता, असे आम्ही विचारले. "त्याच्या बापाच्या," आबा म्हणाले.