दरजा

कॉलेजात आल्यावर पहिल्या महिन्यातच एक शब्द माझ्या कानांवर वारंवार पडू लागला : दर्जा. शिक्षणाचा दर्जा, वाङ्मयाचा दर्जा, भित्तिपत्रकातील लेखनाचा दर्जा. वर्गातली मुले तो सहज वहीत उतरवून घेत. माझ्या डोळ्यांपुढे मात्र दरवेळी शहाबादी फरशी उभी राही. आमच्या घरात हा शब्द निराळ्याच अर्थाने नांदतो. दोन दगडांमधली सांध म्हणजे दरज. अनेक झाल्या की दरजा, आणि गवंड्याच्या तोंडी त्यांच्याही 'दर्जा'च होतात. दर्जा भरणे हा माझ्या वडिलांचा, आबांचा, धंदा आहे.

घराच्या बगलेला फरशीचे अंगण असणे ही आमच्या गावी जुन्या ऐपतीची खूण. फरशी बहुतेक शहाबादची. सोलापूरच्या पुढे त्याच रेल्वेमार्गावर, कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यात हे गाव आहे. तिथला चुनखडीचा दगड खाणीतच थराथरांनी असतो, म्हणून त्याच्या लाद्या निघतात. पुढे वाडीला चुनखडी भाजून सिमेंट करतात. म्हणजे फरशी आणि तिच्या दरजेतले सिमेंट ही एका कुळातलीच म्हणायची. (याच कारणाने शहाबादीवर अॅसिड ओतू नये, दगड फसफसतो आणि त्याचे तेज जाते. पण डाग निघाला की लोकांना आनंद होतो. असो.)

अशी फरशी सहसा फुटत नाही. आधी दरज सुटते. मग पावसाचे पाणी खाली शिरते, खालची वाळू वाहते, उरलेली मुंग्या वर आणून तिचे ढीग लावतात आणि एखाद्या दिवशी पायाखाली फरशी डुगडुगते. भिंतीलगतची दरज सुटली तर पाणी थेट पायाकडे जाते. घराला ओल का आली म्हणून माणसे छपराकडे पाहत राहतात. आबा आधी खाली पाहतात.

गेल्या वैशाखात त्यांनी आमच्या पलीकडच्या आळीतल्या एका जुन्या घराचे अंगण घेतले होते. सुट्टी होती, म्हणून मीही गेलो. मालकांचे म्हणणे, सिमेंटचे पातळ पाणी करून सगळ्या अंगणावर ओता आणि झाडूने ओढा. एका दिवसात काम उरकेल. आबा म्हणाले, "मालक, वरनं चकाकंल. पन पयल्या पावसात पापुद्रा निघंल. मग तुमी मलाच बोलवाल, आन मला तोंड दावायची लाज वाटंल." तीन दिवसांच्या मजुरीसाठी हा बोलतो आहे, असे मालकांना वाटले असावे. त्यांनी दोन दिवसांचे पैसे कबूल केले. काम तीन दिवस चालले.

पहिला सबंध दिवस नुसते खरवडण्यात गेला. जुना ठिसूळ माल छन्नीने इंचभर खोल काढायचा, हरळीची मुळे उपटायची, धूळ ब्रशाने झाडायची. हे काम माझ्याकडे. आबा हातोडीच्या दांड्याने एकेक फरशी ठोकून पाहत होते. घट्ट बसलेली फरशी टणटण बोलते, खाली पोकळी असलेली भद्द वाजते. भद्द वाजणाऱ्या चार निघाल्या. त्या पहारीने उचलल्या, खाली वाळू भरून ठोकून पुन्हा बसवल्या. उतार पाच फुटांना एक इंच, आणि तोही भिंतीपासून दूर. पुढे एकास तीन माल. तोसुद्धा अर्ध्या तासात संपेल एवढाच कालवायचा. दरज आधी ओली करायची, नाहीतर कोरडा दगड मालातले पाणी पिऊन टाकतो. मग थापीच्या टोकाने माल दाबत दाबत भरायचा, खाली हवा राहता कामा नये.

थापी काही त्यांनी मला दिली नाही. मी दोनदा मागितली. "तुझा हात पेनाचा हाय," एवढेच म्हणाले आणि पुढची दरज ओली करू लागले. मला राग आला. माझ्या आजोबांनी घाणीतल्या चुन्याने दरजा भरल्या, आबांनी सिमेंटने. आणि मी त्यांची फक्त घमेली उचलायची?

त्यांचे हात मात्र मी त्या तीन दिवसांत नीट पाहिले. ओले सिमेंट कातडी खाते. आबांच्या बोटांना भेगा आहेत आणि बोटांच्या टोकांवरच्या रेषा पुसट होऊन गेल्या आहेत. त्यांना लिहिता येत नाही. आयुष्यभर प्रत्येक कागदावर त्यांचा अंगठा उठत आला. आता रेशन दुकानात अंगठा ओळखणारे यंत्र आहे, आणि त्या यंत्राला आबांचा अंगठा सापडत नाही. पुसून, तेल लावून, पुन्हा पुसून ते तो टेकवतात. मागे रांग चुळबुळते. शेवटी आमच्या कार्डावरचे धान्य माझ्या अंगठ्यावर मिळते, कारण माझ्या अंगठ्यावरच्या रेषा अजून शाबूत आहेत. त्यांनी मला थापी का दिली नाही, हे त्यांनी कधी सांगितलेले नाही. मीही विचारलेले नाही.

भरलेल्या दरजांना सात दिवस पाणी हवे. वैशाखाचे ऊन माल तडकवते, म्हणून आम्ही वर ओली बारदाने टाकली होती. सकाळ-संध्याकाळ पाणी मारायला मी जात होतो. आबा दुसऱ्या कामावर लागले होते. सहाव्या दिवशी दुपारी वळीव आला. पाऊस थांबताच आबा काम सोडून सायकलवर तिथे आले. मालक ओसरीवरून पाहत होते. आम्ही बारदाने बाजूला केली. पाणी भिंतीपासून सरकत, दरजांवरून न अडखळता, मोरीकडे निघाले होते. फक्त तुळशीमागच्या कोपऱ्यात ओंजळभर पाणी साचून राहिले. आबा खाली वाकले, त्या पाण्यात त्यांनी बोट बुडवून पाहिले आणि मालकांना म्हणाले, "ही एक फरशी दिवाळीत काढून बसवतो. तिचे पैसे नगं."