नावाने लाल, रंगाने नारिंगी



मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास आपल्या हैदराबादेतून दक्षिणेकडे, क्षितिजाच्या थोडा वर 'मित्र' हा ठळक तारा दिसतो. त्याच्याच कुटुंबातला प्रॉक्झिमा हा सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी, फक्त ४.२४ प्रकाशवर्षे दूर. पण तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही! १९१५ साली रॉबर्ट इनेस यांना तो जोहान्सबर्गच्या वेधशाळेत सापडला. आकाशगंगेतल्या दर चार ताऱ्यांपैकी सुमारे तीन असेच मंद 'लाल बटू' आहेत.

पुस्तकांत हे तारे कुंकवासारखे लालभडक छापतात, याचा मला राग येतो. प्रॉक्झिमाच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ३००० केल्विन आहे. जुन्या पिवळ्या बल्बची तार २७०० केल्विनच्या आसपास तापते. म्हणजे तारा बल्बपेक्षा जरा जास्तच तप्त! जवळ जाता आले तर तो पिवळट नारिंगीच दिसेल.

खरी मौज वर्णपटात आहे. सूर्याच्या वर्णपटात बारीक काळ्या रेघा असतात, तर लाल बटूंच्या वर्णपटात रंग पुसून टाकावेत तसे रुंद पट्टे. ते टायटॅनियम ऑक्साइडचे, हे १९०४ साली आल्फ्रेड फाउलर यांनी ओळखले. (भिंतीच्या पांढऱ्या रंगातही टायटॅनियमच, फक्त ऑक्सिजनचे अणू दोन.) सूर्याच्या उष्णतेत बहुतेक रेणू फुटतात, इथे ते टिकतात.

पण त्यामुळेच घोळ होतो. कन्या राशीतल्या ग्लीझ ४८६ या लाल बटूभोवती एक खडकाळ ग्रह फिरतो. जेम्स वेब दुर्बिणीने घेतलेल्या वर्णपटात पाण्याच्या वाफेची खूण दिसल्याचे २०२३ साली जाहीर झाले. वाफ ग्रहावरची की ताऱ्यावरच्या थंड डागांतली? सूर्याच्या डागांतसुद्धा वाफ सापडली आहे! पुढे ग्रहाची उष्णता मोजली, तेव्हा २०२४ साली तिथे दाट वातावरण नसावे असे दिसले.

हे सांगितल्यावर आठवीचा वर्ग हिरमुसला. एक मुलगी मात्र म्हणाली, "सर, ताऱ्यावर पाणी, हे काय कमी आहे?"

ज्यांच्या घरी जुना पिवळा बल्ब उरला असेल, त्यांनी तो प्रयोगशाळेत आणून द्यावा. सीडीवर त्याचा वर्णपट पाहू. सूर्यासमोर मात्र सीडी धरू नका.