जिथे मगरिब होत नाही

शाळेत आपण सर्वांनीच वाचलेले असते की नॉर्वे हा मध्यरात्रीच्या सूर्याचा देश आहे. एका गुणाचा प्रश्न असतो, उत्तर लिहून आपण मोकळे होतो. तिथे राहणारा माणूस मगरिब कधी पढतो, इशा कधी, आणि उन्हाळ्यात रमजान आला तर रोजा कधी सोडतो, हे पेपरात कधी विचारले जात नाही. वीस वर्षे शिक्षकी पेशात काढूनही मला हा प्रश्न पडला नव्हता. तो पडला धाकट्या भावामुळे. नोकरीनिमित्त तो हेलसिंकीला असतो. मे महिन्याच्या सुट्टीत त्याने आम्हा दोघांना बोलावले आणि फोनवर म्हणाला, "आपा, भाड्याची गाडी घेऊ आणि पार वरपर्यंत जाऊ. रस्ता उत्तम आहे, फक्त रात्र नाही."

हेलसिंकीहून रात्रीच्या रेल्वेने आम्ही रोवानिएमीला पोहोचलो. तिथे गाडी घेतली. भाऊ, भावजय, त्यांची दहा वर्षांची लेक, मी आणि माझे शौहर असे पाच जण. डिकीत तांदूळ, मसूर, लोणच्याची बरणी आणि कुकर. गाडी भाऊच चालवणार होता. हे शेजारी बसून नकाशा बघायचे आणि प्रत्येक वळणावर आपल्या पायाखाली नसलेला ब्रेक दाबायचे. तिथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि भर दुपारीसुद्धा हेडलाइट चालू ठेवावे लागतात.

रोवानिएमी हे शहर १९४४ साली माघार घेणाऱ्या जर्मन फौजेने जाळून टाकले होते, म्हणून तिथले जवळपास सगळे बांधकाम त्यानंतरचे आहे. गावाच्या थोडे उत्तरेला आर्क्टिक वृत्त जाते. या वृत्ताच्या पलीकडे वर्षातून निदान एक दिवस तरी सूर्य मावळत नाही. जितके वर जाल तितके असे दिवस वाढत जातात. आम्ही मेच्या शेवटच्या आठवड्यात गेलो होतो. पहिल्या रात्री पावणेबाराच्या सुमारास सूर्य मावळला. मगरिब मिळाली. पण आकाशातली लाली काही जाईना. तिच्यातूनच दीड वाजता पहाट उजळू लागली आणि आम्ही इशाची वाट बघतच राहिलो. दुसऱ्या रात्री इनारीला मुक्काम होता, तिथे सूर्य मावळलाच नाही. नमाजच्या वेळा दाखवणाऱ्या मोबाईलमधल्या ॲपने मगरिब, इशा आणि फज्रच्या जागी नुसत्या रेघा दाखवल्या.

जुहर आणि असरची अडचण नसते, हे माझ्या तिथेच लक्षात आले. सूर्य आकाशात गोल फिरत असला तरी दुपारी तो दक्षिणेला सर्वांत वर येतोच, मग ढळतो, सावली लांबते. काठी रोवून असरची वेळ काढता येते. अडतात त्या उरलेल्या तीन नमाजा, कारण त्यांच्या खुणा मावळण्याशी आणि अंधाराशी बांधलेल्या आहेत.

हा प्रश्न आजचा नाही. सहीह मुस्लिममधल्या दज्जालविषयीच्या हदीसमध्ये एक दिवस वर्षाएवढा होईल असे आले आहे. तेव्हा सहाबांनी विचारले ते हेच, की त्या लांब दिवसात एकाच दिवसाच्या नमाजा पुरतील का? रसूलुल्लाह (स.) यांनी नाही म्हटले आणि अंदाजाने वेळा ठरवायला सांगितले. इतकी मोठी आपत्ती समोर असताना सहाबांना आधी नमाजची काळजी वाटली, ही गोष्ट मला नेहमी थांबवते. पुढे दहाव्या शतकात हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. अब्बासी खलिफा मुक्तदिर यांनी ९२१ साली बगदादहून व्होल्गा नदीकाठच्या बुल्गार राजाकडे एक शिष्टमंडळ पाठवले. त्यात इब्ने फदलान होते. त्यांनी लिहून ठेवले आहे की तंबूत एका बगदादी शिंप्याशी बोलत ते इशाच्या अजानची वाट बघत होते, अजान झाली म्हणून बाहेर आले तर उजाडले होते! मुअज्जिनने सांगितले की इथे इशा मगरिबबरोबरच पढतात, आणि फज्र चुकेल या भीतीने आपण महिनाभर रात्री झोपलेलो नाही. ही जागा आजच्या रशियातल्या तातारस्तानात आहे, आम्ही होतो त्याच्या कितीतरी दक्षिणेला. तरी ही अवस्था!

त्या बुल्गारमुळेच हनफी फिक्हच्या ग्रंथांत मोठी चर्चा झाली. ज्या नमाजची वेळच आली नाही ती फर्ज होते का? काही जण नाही म्हणाले. इब्ने हुमाम यांच्यासारख्यांनी होते असे म्हटले, कारण पाच नमाजांचा हुकूम सर्वांना आहे, खूण दिसो वा न दिसो. आम्ही कोकणातले शाफई. आमच्याकडे जवळच्या ज्या गावात वेळा स्पष्ट होतात तिथला अंदाज धरायला सांगतात. अलीकडचे काही उलमा मक्केची वेळ धरायलाही परवानगी देतात. गाडीत यावर दोन दिवस वाद चालला. ह्यांचे म्हणणे जवळचे शहर, भावाचे म्हणणे मक्का. मागून भाची म्हणाली, "फुफी, मग अल्लाहला कुठली वेळ कळते?" थोडा वेळ कोणीच काही बोलले नाही. शेवटी भावाचे मत चालले, पण त्याचे कारण अगदी व्यवहारी होते. मक्केचे वेळापत्रक सगळ्यांच्या मोबाईलमध्ये होते.

इनारीपर्यंत रस्ता जंगलातून जातो. पाइन आणि बर्च, मध्ये तळी, पुन्हा पाइन. तासाभरात समोरून दहा गाड्या येतात. पेट्रोलपंपावर माणूस नसतो, कार्ड लावून आपणच भरायचे, आणि पुढचा पंप किती किलोमीटरवर आहे हे आधी बघायचे. धोका एकच, रेनडिअर. हे हरीण रानटी दिसते पण मालकाचे असते. पिल्लांच्या कानांवर प्रत्येक मालकाच्या वेगळ्या खाचा असतात. कळप रस्त्यावर येऊन उभा राहतो आणि हॉर्नला दाद देत नाही. आपल्याकडच्या म्हशींची सवय असल्याने मला त्यात नवल वाटले नाही.

रेनडिअर पाळणारे सामी लोक या मुलखाचे मूळ रहिवासी. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया अशा चार देशांत त्यांची वस्ती विभागली गेली आहे. इनारी तालुक्यात फिनिश आणि तीन सामी भाषा मिळून चार भाषांना अधिकृत दर्जा आहे. पाट्यांवर त्या वाचता येत नसल्या तरी मी थांबून बघत होते. विसाव्या शतकात सामी मुलांना वसतिगृहाच्या शाळांत घालून त्यांची भाषा तोडण्यात आली. नॉर्वेत तर ते सरकारी धोरणच होते, आणि त्याची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल संसदेला मिळाला २०२३ मध्ये. ज्या वर्गांत मुलाला आईच्या भाषेबद्दल शिक्षा झाली तिथे माझ्यासारखीच कोणी बाई शिकवत असणार. इनारीच्या सिदा संग्रहालयात फिरताना हा विचार मला सोडत नव्हता. सामी वर्षाचे चार नव्हे, आठ ऋतू मोजतात आणि ते रेनडिअरच्या जगण्यावरून ठरवतात. जिथे सूर्य उन्हाळ्यात कित्येक आठवडे मावळत नाही आणि हिवाळ्यात कित्येक आठवडे उगवत नाही, तिथे माणसाने वेळ मोजायला दुसरे काही शोधले.

कारिगास्निएमी गावाजवळ नदीवरचा पूल ओलांडला की नॉर्वे. कोणी तपासणी केली नाही. फक्त घड्याळ एक तास मागे जाते. पुलाच्या अलीकडे बारा, पलीकडे अकरा, आणि ऊन दोन्हीकडे तेच.

त्यानंतर झाडे खुजी होत गेली आणि एका ठिकाणी संपली. समुद्र आला. त्याच्या काठाकाठाने नॉर्डकापचा रस्ता जातो. नॉर्डकाप ज्या बेटावर आहे तिथे जायला १९९९ पर्यंत फेरीबोट होती. आता समुद्राखालून सुमारे ७ किलोमीटरचा बोगदा आहे. तो समुद्रसपाटीच्या २१२ मीटर खाली उतरतो आणि तेवढाच चढून बाहेर येतो. भावजयीने आत शिरताना जी तस्बीह सुरू केली ती पलीकडे उजेड दिसल्यावर थांबली.

बेटावरचे होनिंग्सवोग हे मच्छीमारांचे गाव. १९४४ च्या जाळपोळीत इथे फक्त चर्च उरले होते. परतलेली माणसे सुरुवातीला त्यातच राहिली. या किनाऱ्यावर लाकडी मांडवांवर कॉड मासे जोडीजोडीने शेपटीला बांधून टांगलेले दिसतात. मीठ लावत नाहीत, थंड वाऱ्यावरच सुकवतात. हिवाळ्याच्या अखेरीस टांगलेला मासा उन्हाळ्याच्या तोंडावर लाकडासारखा कडक होतो. डोकी वेगळी सुकवून नायजेरियाला पाठवतात, तिथे त्यांचे कालवण करतात. गाडीची काच खाली केली आणि तो वास आत आला तेव्हा आम्ही दोघे एकदम हसलो. आमच्या किनाऱ्यावर काठ्यांवर बोंबील घातले की हाच वास! भाचीने नाक धरले. ती हेलसिंकीत वाढलेली, तिला काय सांगणार?

खाण्याची एकूण चिंता झाली नाही. मांस आम्ही टाळले, मासे भरपूर होते, आणि मुक्कामाच्या लाकडी घरांत स्वयंपाकाची सोय असते. फिनलंडमध्ये पुल्ला नावाचा गोड पाव मिळतो, त्यात वेलची घालतात. पहिल्या घासाला ईदची आठवण आली.

नॉर्डकापचा कडा ७१ अंश १० मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे, समुद्रापासून ३०७ मीटर उंच. लोखंडी पृथ्वीगोलाजवळ फोटोसाठी रांग होती. वारा असा की डोक्यावरची ओढणी दोन्ही हातांनी धरावी लागली. मध्यरात्रीनंतर पंधरा मिनिटांनी सूर्य सर्वांत खाली येतो. तो खाली आला, समुद्राला टेकेल असे वाटले, आणि आडवा सरकत पुन्हा वर जाऊ लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही गाडीच्या आडोशाला जानमाज घातल्या. मुसाफिर असल्याने मगरिब आणि इशा एकत्र पढायची होती. कंपास बघितला तर किब्ला जवळजवळ सरळ दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे कललेला. जन्मभर मी पश्चिमेला तोंड करून नमाज पढत आले. मावळतीचे ऊन नेहमी तोंडावर असायचे. इथे मध्यरात्रीचा सूर्य पाठीमागे उत्तरेला होता आणि माझीच लांब सावली जानमाजवरून पुढे किब्ल्याकडे गेली होती. सजद्यात कपाळ त्या सावलीवर टेकले. सुब्हानल्लाह, याहून जास्त मला त्याबद्दल सांगता येणार नाही.

आल्ताला प्रागैतिहासिक दगडी कोरीवकाम आहे, त्यात रेनडिअरच आहेत. १९८५ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. बघण्यासारखे आहे, पण आम्ही घाईत बघितले, कारण शुक्रवारी जुम्यासाठी ट्रॉम्सो गाठायचे होते. फ्योर्डना वळसे घालत, दोन ठिकाणी गाडीसकट फेरीत चढत आम्ही पोहोचलो.

ट्रॉम्सो हे बेटावर वसलेले विद्यापीठाचे शहर. तिथली अल-नूर ही जगातल्या अगदी उत्तरेकडच्या मशिदींपैकी एक आहे. बायकांच्या बाजूला बहुतेक जणी सोमाली होत्या. त्याही आमच्यासारख्या शाफई, त्यामुळे नमाजची पद्धत ओळखीची. शेजारी एक सीरियन बाई बसल्या होत्या. मोडक्या इंग्रजीत आमचे बोलणे झाले. त्या २०१५ साली रशियाकडून स्टोर्सकोगच्या सीमेवरून आल्या होत्या, सायकलवर! मला आधी ऐकण्यात चूक झाली असे वाटले. पण तसेच होते. त्या सीमेवर पायी ओलांडायला मनाई होती, म्हणून त्या वर्षी हजारो निर्वासितांनी सायकली घेतल्या. त्यांना सायकल चालवता येत नव्हती. शेवटचे काही मीटर त्यांच्या मुलाने मागून ढकलले.

वेळांचे कसे करता, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, सूर्य मावळत नाही तेव्हा आणि हिवाळ्यात उगवत नाही तेव्हाही जमात मक्केच्या घड्याळाने चालते. मक्केत ज्या वेळी मगरिब, इथल्या घड्याळात त्याच वेळी मगरिब. उन्हाळ्यातला रोजा म्हणूनच सुमारे १५ तासांचा होतो. डोक्यावर ऊन असताना खजूर तोंडात घालायचा. पहिल्या वर्षी त्यांचा हात थांबला होता. सूर्य समोर असताना रोजा सोडायचा कसा? शेजारच्या सोमाली बाईने त्यांचा हात धरून खजूर तोंडापर्यंत नेला. हेलसिंकीत सूर्य मावळतो, म्हणून तिथे माझ्या भावाने जूनमधले रोजे १९ तासांहून लांब धरलेले आहेत. तो पुरुषांच्या बाजूने हेच ऐकून आला होता आणि गाडीत बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आपा, एकटा असतो तर मी रोज नवा हिशेब केला असता. इथे सगळ्यांनी मिळून एक धरलाय."

परतीला किल्पिसयार्वीवरून फिनलंडमध्ये उतरलो. जून लागला होता तरी तिथल्या तळ्यावर अजून बर्फ होता. घड्याळ पुन्हा एक तास पुढे गेले. झाडे परत आली, आधी खुजी, मग उंच. मीटरवर एकूण सुमारे १,९०० किलोमीटर झाले होते.

रोवानिएमीला अजून सूर्य मावळायचे बंद झाले नव्हते, त्याला दोन-तीन दिवस बाकी होते. रात्री बारानंतर आम्ही नदीकाठी गेलो. साडेबाराच्या सुमारास तो झाडांमागे उतरला आणि दिसेनासा झाला, आठवड्यानंतर पहिल्यांदा. भावाने सवयीने खिशातून मोबाईल काढला. हे म्हणाले, "राहू दे, दिसला की मावळलेला." आणि त्यांनी हळू आवाजात अजान दिली. नमाज आटोपली तेव्हा पलीकडे पुन्हा उजळायला लागले होते, आणि सकाळी नऊला गाडी धुऊन परत द्यायची होती.