बहार धरण्याआधीचा नमुना

आमच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्राथमिक संशोधनासाठी छोटी अनुदानं द्यायचं ठरलं आणि ती योजना चालवायचं काम माझ्याकडे आलं. एका अभ्यासाला दोन लाखांपर्यंत पैसे, मुदत एक वर्ष. एवढ्या पैशांत मोठी चाचणी होत नाही, पण ती करता येईल का, हे कळतं. माणसं तयार होतील का, नमुना प्रयोगशाळेपर्यंत टिकेल का, मोजायचं ते मोजलं जाईल का? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००६ पासून विद्यापीठांत जी संशोधन केंद्रं उभी केली, तिथेही असा बियाण्याचा पैसा वेगळा ठेवलेला असतो.

अर्ज आले ते बहुतेक शहरातल्या विशेषज्ञांचे. चांगले होते, पण मला तालुक्यातून अर्ज हवे होते. महाड परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाचे रुग्ण रात्र रात्र जागून पाहिले, प्राझोसिन हे औषध वापरून पाहिलं आणि १९८६ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. विंचूदंशावर काय लागू पडेल, हा प्रश्न कोकणातल्या त्या खाटेशेजारी बसलेल्यालाच पडणार होता. तसा माणूस आपल्या जिल्ह्यातही कुठेतरी असणार, ही माझी खात्री होती.

तो अर्ज नामपूरहून आला. मी मूळची तिथलीच, त्यामुळे वाचताना सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. मोसम खोरं, डाळिंबाच्या बागा, पहाटे पाठीवर पंप घेऊन निघालेली माणसं. तिथल्या एका तरुण डॉक्टरने लिहिलं होतं की हंगामात मजूर येतात आणि म्हणतात, "डोकं गरगरस, मयमय व्हस." सलाईन लावून ते घरी जातात, दुसऱ्या दिवशी पुन्हा फवारणीवर. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली, तेव्हा सगळ्यांचं लक्ष गेलं. पण जे मरत नाहीत, नुसते गरगरतात, त्यांच्या रक्तात काय होतं? ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटातली कीटकनाशकं कोलिनेस्टरेज हे विकर दाबतात. ते तालुक्याच्या ठिकाणीच मोजून मजुराला वेळेवर थांबवता येईल का, एवढाच त्याचा प्रश्न होता.

समितीत आक्षेप निघाले. अर्जदाराचा एकही शोधनिबंध नाही, नमुन्यांची संख्या कमी. मी ठामपणे सांगितलं की अनुभव नसलेल्याला हात देण्यासाठीच हा पैसा आहे. महाविद्यालयातल्या जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापिकेने सहसंशोधक व्हायचं कबूल केलं आणि अर्ज मंजूर झाला.

खरी अडचण कॅलेंडरची होती. हे विकर प्रत्येकाच्या रक्तात मुळातच कमी-जास्त असतं. त्यामुळे फवारणीआधीचा त्याचा स्वतःचा आकडा हाताशी नसेल, तर नंतरच्या आकड्याला अर्थ नाही. मृग बहाराच्या बागेला उन्हाळ्यात ताण देतात, पाणी तोडतात. तेव्हाच फवारणी कमी असते आणि तेव्हाच पहिला नमुना घ्यायला हवा. आमचा पैसा मात्र सुटायचा पावसाळ्यात, आणि खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र मागितलं जायचं मार्चअखेर. नैतिकता समितीची मान्यता आधी घेऊन, रक्कम फेब्रुवारीतच देता यावी म्हणून मी लेखा विभागात बसून राहिले. ते जमलं, हे मला या सगळ्या कामातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

संमतीपत्र छापील मराठीत होतं, पण समजावलं अहिराणीत. मजुरांची पहिली शंका रक्ताबद्दल नव्हती. "मालकाला कळलं तर काम जाईल ना?" म्हणून निकाल फक्त ज्याचा त्याला द्यायचा, हे लिहून घेतलं.

वर्षअखेर जे हाती आलं, ते कुणाला तोकडं वाटेल. मला वाटत नाही. उन्हाळ्यातही बरेच मजूर दुसऱ्याच्या शेतात फवारत होते. तांबड्या पेशींतलं हे विकर पूर्ववत व्हायला तीनेक महिने लागतात, त्यामुळे 'स्वच्छ' पहिला नमुना फार थोड्यांचा मिळाला. दुसरं असं की, तेल्या रोगासाठी बागेत तांब्याची बुरशीनाशकं आणि स्ट्रेप्टोसायक्लिन मारत होते. त्यांचा या विकरावर परिणाम नाही, मग त्या दिवशीच्या त्रासाला ही तपासणी काहीच सांगू शकत नाही. म्हणजे कोणी काय फवारलं, याची नोंद रक्ताइतकीच महत्त्वाची. मजुराला डब्यावरचं नाव आठवत नाही, पण डब्याच्या लेबलाचा फोटो तो मोबाईलवर काढू शकतो. ही युक्ती एका मजुरानेच सुचवली आणि पुढच्या मोठ्या प्रस्तावाचा ती कणा आहे.

समितीतले एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "निष्कर्ष तर काही निघाला नाही." मला हे पटत नाही. या गोष्टी आधी कळल्या नसत्या, तर पुढे मोठ्या अभ्यासात कितीतरी माणसांचं रक्त निष्कारण काढलं गेलं असतं.

आता अर्ज दोन पानांचा केला आहे, मराठीतही चालतो आणि पैसे कधी हवेत, तो महिना अर्जदारच लिहितो. या वेळी सुरगाण्याकडून सिकलसेलचा एक अर्ज आहे. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या पाड्यावरच्या मुलांपर्यंत पोचतात, पण त्यांच्या रक्तपेशींची वेळोवेळी तपासणी कशी करायची, हा प्रश्न तिथल्या परिचारिकेने मांडला आहे. अर्जदार म्हणून परिचारिका चालेल का, यावर येत्या बैठकीत वाद होईल. माझं मत तिच्या बाजूने आहे.