इतिवृत्तातील तीन शब्द

वडिलांच्या निधनानंतर त्यांच्या ट्रंकेत एका बैठकीचे जीर्ण इतिवृत्त सापडले. ती बैठक मला आठवते. सरकारी कचेरीतील बाकावर मी शाळकरी पोर त्यांच्याशेजारी बसलो होतो. ट्रॉलर रात्री किनाऱ्यालगत घुसतात, आमच्या डोळी फाडून नेतात, हे ते तळमळून सांगत होते. इतिवृत्तात नोंद एवढीच : ‘सविस्तर चर्चा झाली.’

महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ सालचा. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचा समुद्र राज्याच्या अखत्यारीत. तेथील निर्बंधांविषयी सल्लागार समितीचे मत घेण्याची तरतूद आहे. परंतु सल्ला तो सल्लाच. डॉ. सोमवंशी समितीचा अहवाल २०१२ साली आला. पर्ससीनचे ४९४ परवाने टप्प्याटप्प्याने १८२ वर आणण्याचा आदेश मात्र निघाला ५ फेब्रुवारी २०१६ रोजी. मधल्या हंगामांत मासळी थोडीच वाट पाहत होती! २०२१ च्या दुरुस्तीने दंड वाढले, तहसीलदारांकडील निवाडा मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे गेला. दंड करणारा हात बळकट झाला खरा. पण नियम ठरविणाऱ्या बैठकीचे काय?

दूर अलास्कात मत्स्य मंडळावर सात सभासद असतात. गव्हर्नर त्यांना नेमतो, विधिमंडळ संमती देते. विषयात सभासदाचे आर्थिक हितसंबंध असतील तर ते त्याला उघड करावे लागतात, आणि सामान्य मच्छीमारही मंडळासमोर उभा राहून बोलतो. तेथेही भांडणे आहेतच. तरीही कोणाचे किती गुंतले आहे, हे उघडपणे कळावे, एवढे तरी आपल्याकडे व्हावे. छोट्या होडीवाल्यांना आणि बाजारात बसणाऱ्या कोळणींना समितीत हक्काची जागा हवी. प्रत्येकाचे म्हणणे मराठीत, जसेच्या तसे नोंदले जावे.

मात्र सारा दोष सरकारच्या माथी मारून मला मोकळे होता येत नाही. डोळीसाठी समुद्रात मारलेल्या कवींवरून आम्हा वसई-उत्तनकरांचा पालघर-डहाणूकडील बांधवांशी वर्षानुवर्षे वाद आहे. पापलेट २०२३ साली राज्यमासा झाले. त्याची कोवळी पिल्ले आमच्याही डोळीत येतात. वडील ती वेगळी काढीत, आणि विकीत. मी त्यांना कधी विचारले नाही.

मुलगी हल्ली मच्छीमार सोसायटीच्या सभांना जाते. ते इतिवृत्त मी तिच्याकडे दिले आहे. परवा घरी येऊन म्हणाली, “बाबा, पुढच्या सभेचे इतिवृत्त मी लिहिणार आहे.”